नावाचा रकाना नसलेली पावती

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला, आमच्या कुळावर छत्र धरणाऱ्या सप्तशृंगीच्या जगदंबेला आणि ज्यांनी हात धरून अक्षर गिरवून घेतले त्या गुरुजनांना वंदन करून ही चार पाने लिहावयास घेतो. दीपावलीच्या अंकासाठी नोकरीतील अनुभव लिहावेत, असे संपादकांचे पत्र आले. मी म्युनिसिपालिटीचा एक कारकून. माझ्या अनुभवांत तोफा नाहीत आणि तख्तेही नाहीत. नाही म्हणावे असा विचार होता. परंतु गेल्या पंधरवड्यात एक वाक्य कानी पडले आणि लेखणी हाती घेणे भाग झाले.

यंदा आपल्या इलाख्यात विक्रीवर कर बसला आहे. त्यामुळे वाचनालयाच्या ओट्यावर सध्या दुसरा विषय नसतो. परवा एक तरुण वकील तेथे म्हणाले, "उत्पन्नावरचा कर सरसकट काढून टाकावा. साऱ्या देशाला विक्रीवर एकच कर, एकच दर. जो जितके विकत घेईल तो तितके देईल. कोणाच्या घरात डोकावायला नको, कोणाचा अपमान नको." मंडळींनी माना डोलावल्या. मी मात्र काठी घेऊन उठलो आणि घरी आलो. कारण ते वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी पूर्ववयात स्वहस्ते लिहिले होते. देशाचा अर्थव्यवहार मला कळत नाही. पण हीच अदलाबदल एका लहानशा गावात झालेली मी पाहिली आहे, आणि तीत माझा हात होता.

गावाचे नाव देत नाही. धुळे आणि जळगाव यांच्या मधल्या पट्ट्यातले ते एक कापसाचे गाव, एवढे पुरे. त्या वेळच्या मंडळींची मुलेनातवंडे आज हयात आहेत.

धुळ्याच्या पाठशाळेत मी व्याकरण आणि थोडा न्याय शिकलो. तीर्थरूप वारल्यावर याज्ञिकीवर घर चालेना. माझे मोडी आणि बाळबोध दोन्ही अक्षर बरे, म्हणून म्युनिसिपालिटीच्या कर खात्यात जागा मिळाली. कचेरीत सगळे मला शास्त्रीबुवा म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याचा हिशेब मी कधी केला नाही.

आमच्या खात्याचे मुख्य काम हैसियतपट्टी. हैसियत म्हणजे ऐपत. प्रत्येक कुटुंबप्रमुखाची ऐपत पंचांनी ठरवायची, त्याला आठांपैकी एका वर्गात घालायचे आणि वर्गाप्रमाणे वर्षाची पट्टी घ्यायची. सर्वांत खालचा वर्ग वर्षाला आठ आणे देई. सर्वांत वरच्या वर्गात जिनिंग कारखान्याचे मालक होते. तेच म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही होते. त्यांना येथे शेठजी म्हणतो. अगदीच निष्कांचन असतील त्यांना पट्टी माफ.

ऐपत ठरवायची कशी? हिशेबाच्या वह्या कोणी दाखवीत नसे, आणि दाखविल्या तर त्या दाखविण्यासाठीच लिहिलेल्या असत. म्हणून पंच घरोघर जाऊन डोळ्यांनी पाहत आणि मी मागे दौत-लेखणी घेऊन असे. पंच फिरू लागले की गावाची समृद्धी चार दिवस अदृश्य होई. तांब्याची पातेली माळ्यावर चढत. बैलांच्या चांगल्या जोड्या मेहुण्याच्या गावी पाहुणचाराला जात. एका सराफाने आमच्या देखत ताकभाकरीचे ताट पुढे ओढले आणि दीनवाणे तोंड केले. तेवढ्यात आतून साजूक तुपात तळलेल्या जिलब्यांचा वास आला. सराफ म्हणाला, "शेजारी काहीतरी कार्य दिसतंय." त्याच्या शेजारी गावकूस होते.

याच्या उलटही एक आला. भिकाभाऊ म्हणून एक तेलघाणीवाला होता. तो कचेरीत येऊन आमचे हेडकारकून नाना यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"नाना, मनी पट्टी वाढाडी द्या."

नानांनी चष्मा कपाळावर सरकविला. "लोकं कमी करा म्हणून रडत येतात, आणि तुला वाढवून पाहिजे? डोकं ठिकाणावर शे का?"

"काय करू नाना, पोरनं लगीन जमाडनं शे. याही उद्या पुस्तक देखाले येणार शे. दोन वरीस वरली पट्टी भरसू, मंग खाले उतारी द्या."

हे खरे होते. सोयरीक करण्यापूर्वी वरपक्षाची माणसे आमच्याकडे येऊन हैसियतीचे पुस्तक पाहून जात. नानांनी त्याला दोन वर्ग वर चढविले. लग्न झाले. पुढे भिकाभाऊ खाली उतरवून घ्यायला आला, तेव्हा नाना म्हणाले, "आता दुसरी पोरगी वयात आली ना? राहू दे मग." तो हसत निघून गेला.

असे हसण्यासारखे प्रसंग पुष्कळ होते. मला मात्र त्या फिरतीची लाज वाटे. परक्याच्या चुलीपर्यंत जाऊन मडक्याची झाकणे उचलणे हे माझ्या संस्कारात बसत नव्हते. आणि एका घरात ती लाज असह्य झाली.

गावाच्या पश्चिमेला विणकरांची आळी होती. लुगडी विणणारी ती मुसलमान मंडळी. साठएक घरे असतील. बहुतेक घरे भाड्याची, आणि त्यांचे मालक दोघेतिघे सावकार. तेथे रहीमचाचा म्हणून एक विणकर राहत. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, उंच, थोडे पाठीत वाकलेले. आळीत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांच्या घरी दोन माग होते. पंचांपैकी एकाने माग मोजले, पिठाच्या मडक्यात हात घालून पाहिला, पडद्याकडे बोट करून "आत काय आहे?" असे विचारले. आत बायकामुली होत्या. शेवटी पंच म्हणाला, "दोन माग, एक बकरी. याला काय पट्टी बसवायची? माफ लिहा."

तेव्हा चाचा पुढे झाले. "माफ नको, साहेब. शास्त्रीजी, लिखो. आठ आने बराबर है. नाव माझं लिहा, बापाचं लिहा."

मी लिहिले. ते म्हणाले, "आता वाचून दाखवा." मी वाचले. त्यांनी मान हलविली.

दरवर्षी पट्टी भरावयास त्या आळीतून प्रथम तेच येत. आणि दरवर्षी आपले नाव माझ्याकडून वाचून घेत. मला वाटे, बिचारा कचेरीला भितो. उद्या कोणी थकबाकी काढील म्हणून खात्री करून घेतो. त्या आळीतली विहीर खारी होती. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुताला पिठाची खळ लावावी लागते. खाऱ्या पाण्यातली खळ नीट धरत नाही, सूत पटापट तुटते. म्हणून आळीच्या बायका कोसभरावरून नदीचे गोडे पाणी आणीत. तलावाचा नळ शेठजींच्या जिनपर्यंत आलेला होता, आणि तो पुढे आळीपर्यंत न्यावा यासाठी आळीने निवडून दिलेले सभासद सभेत भांडत होते. एकदा आठ आणे मोजताना चाचा म्हणाले, "शास्त्रीजी, औंदा ठराव झाला तर पुढच्या साली नळ येणार. हमारे मेंबर ने बोला है." मी म्हणालो, "ईश्वर करो." त्या आठ आण्यांचा आणि त्या नळाचा संबंध तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. माहीत नव्हते असे म्हणणार नाही. माहीत होते, ध्यानात आले नाही, एवढेच. आणि शिकलेल्या माणसाला ही सबब शोभत नाही.

त्यानंतरच्या वर्षी शेठजींनी मला त्यांच्या बैठकीत बोलावले. स्वतः उठून पाट दिला. म्हणाले, "शास्त्रीबुवा, आपल्यासारख्या सोवळ्या माणसाला लोकांची मडकी उघडायला लावतो, याचं मला वाईट वाटतं. ही हैसियतपट्टी काढून टाकावी म्हणतो. तिच्याऐवजी वेशीवर नाके बसवू. गावात माल येईल त्यावर सर्वांना सारखी जकात. राव असो, रंक असो, दर एकच. आपण निवेदन लिहाल का? आपल्या भाषेला वजन आहे."

मला गहिवरून आले, हे लपवीत नाही. माझ्या मनातली लाज त्यांनी ओळखली असे वाटले. मी दोन दिवस बसून निवेदन लिहिले. सूर्य सर्वांवर सारखा तळपतो, तसा कर सर्वांवर सारखा असावा, असे त्यात लिहिले. जो जितके उपभोगील तो तितके देईल. थेंबाथेंबाने घेतलेला कर कोणाला जाणवणार नाही. यापुढे कोणाच्या घरात कोणी डोकावणार नाही आणि कोणाचे नाव कोणाच्या पुस्तकात राहणार नाही, असेही लिहिले. शेवटचे वाक्य मला फार आवडले होते.

निवेदन नानांना दाखविले. नाना इंग्रजी चार इयत्ता शिकलेले, तपकिरीचे व्यसनी आणि जिभेचे तिखट. त्यांनी ते दोनदा वाचले.

"भाषा झकास आहे," ते म्हणाले. "आता मला सांगा, शेठजी रहीमपेक्षा किती ज्वारी जास्त खातील?"

"म्हणजे?"

"दुप्पट खातील? तिप्पट? अहो, पोट फुटेल त्यांचं. आज ते रहीमच्या शेकडो पट पट्टी भरतात. उद्या ज्वारीवर, तेलावर, सरपणावर जकात बसली की दोघं जवळजवळ सारखेच. राहिलेलं कोण भरणार?"

"पण शेठजींचा कापूस येईल ना नाक्यावरून. गाड्याच्या गाड्या."

नानांनी चिमूट ओढली. "कापूस येतो आणि गाठ होऊन स्टेशनावर जातो. बाहेर गेलेल्या मालाची जकात परत मिळते. परतावा म्हणतात त्याला. जकातीच्या नियमांच्या मसुद्यात पाचव्या कलमात आहे. रहीमचं सूत येतं ते इथंच विणलं जातं, आणि ज्वारी पोटात जाते. ती काही परत जात नाही."

मी म्हणालो, "नाना, आपण प्रत्येक गोष्टीत कपट पाहता."

"मी आकडे पाहतो, शास्त्रीबुवा. कपट तुम्ही म्हणालात."

मला राग आला. निवेदन मी शेठजींकडे पोचविले.

सभेत ते मोठ्याने वाचून दाखविण्यात आले. पाहावयास बरीच मंडळी जमली होती. विरोध होईल तर तो विणकरांच्या आळीकडून, असे नाना म्हणाले होते. पण मताची वेळ आली तेव्हा त्या आळीचे सभासदही बाजूनेच उभे राहिले आणि मागे बसलेल्या विणकरांनी टाळ्या वाजविल्या. नानांना आश्चर्य वाटले. मी त्यांच्याकडे जरा विजयी मुद्रेने पाहिले, तेही येथे कबूल करतो.

नवे नाके सुरू झाले तेव्हा काम बसवून देण्यासाठी मला काही महिने पश्चिम नाक्यावर पाठविले. नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, एक टपरी, एक तराजू आणि दरांचा तक्ता. माल थांबवायचा, तोलायचा, जकात घ्यायची आणि छापील पावती फाडून द्यायची. पावतीवर रकाने चार: अनुक्रम, जिन्नस, वजन, रक्कम.

मी पाठशाळेतला म्हणून देवाच्या नावाने येणारा माल तपासणे माझ्याकडे असे, कारण देवकार्याच्या जिनसांना सूट होती. एकदा एक भगत गाडीत तेलाचे आठ डबे घेऊन आला.

"देवनं तेल शे, बोवा. देवले जकात कशी?"

"देव कोणता?"

"म्हसोबा."

"म्हसोबाला आठ डबे?"

"मोठा देव शे, बोवा. रातदिन दिवा जळस."

मी म्हटले, "मग एक डबा देवाचा धरतो, सात तुझे." भगत थोडा वेळ विचार करून म्हणाला, "तीन देवना धरा, पाच मना. देव काय नही म्हणाव नही." अखेर दोनावर तोडले. त्याने जकात भरली आणि जाताना मला अंगाराही लावला.

एका सकाळी रहीमचाचा सुताचे गाठोडे घेऊन आले. मी तोलले, रक्कम सांगितली. त्यांनी मोजून दिली. पावती हातात घेऊन ते उभेच राहिले.

"वाचून दाखवा, शास्त्रीजी."

"सूत, गाठोडे एक," मी वाचले.

"नाव?"

मी हसून म्हणालो, "आता नाव लागत नाही, चाचा. सुटलात तुम्ही. कोणी घरात येणार नाही, मडकी उघडणार नाही."

त्यांनी पावती उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "मडकी तर खुलीच होती," ते म्हणाले. "त्यात होतं काय लपवायला?" आणि गाठोडे डोक्यावर घेऊन गेले.

नाक्याचे काम बसवून मी कचेरीत परतलो, तोच निवडणुकीचे वर्ष आले आणि मतदारांची यादी तयार करण्याचे काम माझ्या टेबलावर आले. मताचा अधिकार तेव्हा सर्वांना नव्हता. ज्याच्या नावे करपुस्तकात काही जमा असेल त्याला मत: घरमालक असेल तर घरपट्टीच्या पुस्तकावरून, भाडेकरू असेल तर हैसियतपट्टीच्या. मी जुनी यादी डावीकडे ठेवली, नवी करपुस्तके उजवीकडे, आणि एकेक नाव पडताळून लिहू लागलो. विणकरांच्या आळीशी आलो. पहिले नाव पुस्तकात नाही. दुसरे नाही. तिसरे नाही. साठ नावांतून चार राहिली. तेवढ्यांचीच घरे स्वतःची होती. रहीमचाचांचे नाव सतरावे होते. तेथे माझी लेखणी थांबली ती सुकेपर्यंत.

मी उठून नानांपुढे जाऊन उभा राहिलो. माझा चेहरा पाहून ते काय ते समजले.

"हे तुम्हाला माहीत होते?" मी विचारले.

"अर्धे माहीत होते. पैशाचे कळले होते. मतांचे माझ्याही लक्षात आले नाही." मग त्यांनी कपाटातून माझेच निवेदन काढले आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. "कोणाचे नाव कोणाच्या पुस्तकात राहणार नाही. तसंच झालं, शास्त्रीबुवा. अक्षरशः." त्यांच्या स्वरात नेहमीचा तिखटपणा नव्हता. तो असता तर बरे वाटले असते.

शेठजींकडे गेलो. त्यांनी पूर्वीसारखाच पाट दिला.

"कर नाही तर मत कशाचे, शास्त्रीबुवा? कायदाच तसा आहे."

"पण ते कर देतात. रोज देतात. पूर्वीपेक्षा अधिक देतात."

"देत असतील. कोण देतो, हे कुठे लिहिले आहे?" असे म्हणून त्यांनी माझ्यासाठी दूध मागविले. मी ते घेतले नाही. त्या दिवशी माझ्या हातून झालेला निषेध एवढाच.

यादीवर हरकती घेण्यासाठी काही दिवसांची मुदत असते. मी चाचांना निरोप पाठवून बोलावले आणि सर्व समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे नळाचं?"

"आळीला चार मते राहिली. तुमचे सभासद निवडून येणार नाहीत."

"हरकत कशी लिहायची, सांगा."

"नाक्यावर भरल्याचा पुरावा जोडायचा. पावत्या आहेत?"

पावत्या होत्या. आळीतल्या कोणीही एकही पावती टाकली नव्हती. सुताच्या, ज्वारीच्या, रंगाच्या, सरपणाच्या. त्या सर्व त्यांनी सुईदोऱ्याने शिवून जाड बाड करून आणल्या. हरकतीचा अर्ज मी लिहिला. कचेरीच्या कारकुनाने कचेरीविरुद्ध अर्ज लिहू नये हे मला ठाऊक होते. एवढेच नव्हे, तर त्या आठवड्यात नाक्यावरची पाळी मागून घेतली आणि तेथे येणाऱ्या प्रत्येक विणकराच्या पावतीच्या कडेला मी त्याचे नाव माझ्या अक्षरात लिहून दिले. जुन्या पावतीवर मात्र एकही नाव मागाहून घातले नाही. कोणी म्हणेल, तेव्हा घातले असतेत तर? हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षे विचारला. पण खोटे लिहावयास हात चालला नसता. आणि त्याची मला शेखी वाटत नाही.

हरकती ऐकावयास बाहेरून एक अधिकारी आले होते. माणूस सभ्य. त्यांनी चाचांना बसावयास सांगितले, ते बाड चाळले, बराच वेळ चाळले.

"हे सगळं तुम्ही भरलं?"

"आमच्या आळीनं भरलं, हुजूर."

"पण यावर तुमचं नाव नाही."

"ज्यानं पैसे घेतले तो समोर बसला आहे. शास्त्रीजींना विचारा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहून म्हणालो, "या रकमा यांनीच भरल्या आहेत. मी स्वतः घेतल्या आहेत."

"ते मी खरं मानतो," अधिकारी म्हणाले. "पण कायद्याला पुस्तकातलं नाव लागतं, आणि हा नावाने घेतलेला कर नाही. तो मालावरचा कर आहे. माल कोणीही आणू शकतो." मग कडेला माझी अक्षरे असलेल्या पावत्या त्यांनी वेगळ्या काढल्या. "आणि हे कोणाच्या हुकुमाने लिहिलं?"

"माझ्या बुद्धीने."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि हरकत फेटाळली. बाड दोन्ही हातांनी उचलून चाचांना परत दिले, एवढे सौजन्य त्यांनी दाखविले.

हुकुमाशिवाय पावतीवर मजकूर लिहिल्याबद्दल मला ताकीद मिळाली आणि पश्चिम नाक्यावर कायमची बदली झाली. नानांनी माझ्या बाजूने दोन पानी खुलासा लिहिला होता. तो दप्तरात गेला. निवडणूक झाली. आळीचे सभासद पडले, आणि नव्या सभेने नळाचा विषय कामकाजातून वगळला. जकात मात्र वाढली, कारण परताव्याची रक्कम दरसाल वाढत होती आणि ती कोठून तरी भरून काढावी लागे.

तीन वर्षांत आळी हळूहळू रिकामी झाली. खाऱ्या पाण्याची खळ, सुतावर जकात, ज्वारीवर जकात. इतके देऊन विणलेले लुगडे बाजारात महाग पडे. एकेक कुटुंब मालेगावकडे निघून गेले. तिकडे त्यांच्या जातभाईंचे हजारो माग होते.

पौषातल्या एका सकाळी दोन गाड्या नाक्याशी येऊन थांबल्या. एकीत सुटे केलेले माग, फण्या, गुंडाळलेल्या गोधड्या, दुसरीत बायकामुली. रहीमचाचा खाली उतरले. त्यांनी कमरेची पिशवी सोडली.

"किती झाले?"

"काही नाही, चाचा. बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नसते."

"अच्छा," ते म्हणाले. पिशवी परत बांधताना त्यांना वेळ लागला. बोटे पूर्वीसारखी चालत नव्हती.

मी म्हणालो, "मालेगावात पाणी गोड आहे म्हणतात."

"असेल. पिऊन बघू."

बैल फुरफुरत होते. मला ठाऊक होते की आता नाही बोललो तर या जन्मी बोलणे होणार नाही. इतकी वर्षे ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपविली होती. अर्ज लिहिताना लपविली, हरकतीच्या दिवशी लपविली. मी टपरीतून बाहेर आलो, रस्त्यावर त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "चाचा, ते निवेदन, जे सभेत वाचले, ते शेठजींचे नव्हते. मी लिहिले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाचे चिन्ह नव्हते. राग असता तर मी पाया पडलो असतो.

"मालूम है, शास्त्रीजी. पहिल्या दिवसापासून मालूम है. सभेआधी मेंबरकडे कागद आला, त्यांनी तुमचं अक्षर ओळखलं." मग त्यांनी गाडीच्या चाकावर हात टेकला. "आमचे मेंबर विरोध करणार होते. आळी पण करणार होती. मीच घरोघर जाऊन सांगितलं, शास्त्रीजीनं लिहिलंय, मग आपल्या भल्याचंच असेल. सबने मेरी बात मानी. टाळ्या वाजवल्या ना आम्ही? त्या तुमच्या अक्षराला वाजवल्या."

ते गाडीत चढले. मी बांबू वर उचलला आणि दुसरी गाडी पार होईपर्यंत तसाच धरून उभा राहिलो. आपले लिहिलेले कोणीतरी विश्वासाने वाचते, हे मला त्या दिवशी कळले. कळावयास फार उशीर झाला होता.

त्या वकीलमहाशयांचे मत चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. हैसियतपट्टीत अन्याय होते, ते मी लेखणी धरून पाहिले आहेत. त्यांनी आपले निवेदन अवश्य लिहावे. मात्र ते लिहून झाल्यावर, सही करण्यापूर्वी, ज्याच्या नावे मालमत्ता नाही अशा एखाद्या माणसाच्या दारी जाऊन ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, इतकीच वृद्धाची विनंती.

वाचकहो, जगदंबा आपल्या घरी अन्नपूर्णेच्या रूपाने नांदो. आपल्या अंगणातल्या पाण्याला गोडी राहो, लेकीबाळी सुखात असोत, वडीलधाऱ्यांना शांत झोप लाभो. आपल्या हातून जे लिहिले जाईल त्याने कोणाचे उंबरठे सुटू नयेत, अशी सद्बुद्धी तो परमेश्वर आपणांस आणि आपल्या पुढच्या पिढ्यांस देवो. इति शुभं भवतु.